रीफरमध्ये माल थंड होत नाही: पहिला कंटेनर समुद्रमार्गे पाठवणाऱ्यांसाठी

जानेवारी उजाडला की पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या पॅकहाऊससमोर, म्हणजे माल साफ करून पेट्यांत भरतात त्या शेडसमोर, पांढऱ्या कंटेनरच्या रांगा लागतात. त्या बघून दरवर्षी कुणाचा तरी फोन येतोच: "दादा, आपणही यंदा एक कंटेनर काढावा म्हणतो. काय काय लागतं?" मी कागदांची यादी सांगावी अशी समोरच्याची अपेक्षा असते. यादी पुढे दिली आहेच. पण इतक्या वर्षांत कागदापायी बुडालेले मी थोडे पाहिले, आणि गरम माल कंटेनरमध्ये घालून बुडालेले पुष्कळ. त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

रीफर म्हणजे घरचा फ्रिज नव्हे

रीफर म्हणजे थंड हवा खेळवणारा कंटेनर. आपल्याकडून बहुतेक चाळीस फुटी, जास्त उंचीचा रीफर जातो. त्याचं यंत्र दाराच्या विरुद्ध टोकाला असतं. थंड हवा जमिनीतल्या इंग्रजी 'टी' आकाराच्या पट्ट्यांमधून दारापर्यंत जाते, मालातून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परत येते. हे यंत्र आत आलेल्या मालाचं तापमान टिकवण्यासाठी असतं. तेरा-चौदा टन उन्हातली द्राक्षं शून्यावर आणणं त्याच्या आवाक्यात नाही. प्रयत्न ते करतं, पण त्यात काही दिवस जातात, आणि तोवर देठ सुकून गेलेले असतात.

हे मी पैसे मोजून शिकलो. सुरुवातीच्या एका हंगामात पॅकहाऊसची वीज रात्री गेली आणि जनरेटर उशिरा चालू झाला. सकाळी माल सात अंशांवर होता. जहाज चुकेल या भीतीने तसाच भरला. "कंटेनर आहे ना, होईल थंड," हे वाक्य माझंच. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात पेट्या उघडल्या तेव्हा मणी ठीक होते, पण देठ तपकिरी पडलेले आणि पेटीच्या तळाशी मणीगळ. त्या वर्षीचा नफा त्या एका कंटेनरमध्ये गेला. एक जहाज चुकलं असतं तर नुकसान त्याच्या चौथाईही झालं नसतं.

आधी दिवस मोजा

माल निवडायच्या आधी वही काढा आणि उलटं मोजा. खरेदीदाराला माल हातात आल्यावर विकायला किती दिवस लागतील? त्यात बंदरावरची तपासणी, समुद्रातला प्रवास, मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातला मुक्काम आणि पॅकहाऊसचे दिवस मिळवा. ही बेरीज मालाच्या आयुष्यापेक्षा बरीच कमी हवी. "जेमतेम बसतं" असं गणित आलं तर तो माल समुद्राने पाठवू नका.

थॉम्सन जातीची द्राक्षं गंधकाचे पॅड लावून शून्याच्या आसपास नीट सांभाळली तर दीड-दोन महिने टिकतात, म्हणून ती युरोपला जहाजाने जाऊ शकतात. सुएझ कालव्यातून न्हावा शेवा ते रॉटरडॅम साधारण तीन-साडेतीन आठवडे धरले जायचे. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरपासून बहुतेक कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी वाढला. २०२४ च्या हंगामात ज्यांनी माल थोडा जास्त पिकवून गोडीवर नेला होता, त्यांना हे वाढीव दिवस महागात पडले. बुकिंग करताना जहाज कोणत्या वाटेने जाणार आहे हे विचारा आणि लांबच्या वाटेचं गणित जमत असेल तरच पुढे जा.

केळी १३ ते १३.५ अंशांवर जातात. त्याखाली गेली की साल आतून करपते, आणि मग ती पिकवायला ठेवली तरी पिवळी न होता राखाडी दिसतात. डाळिंब पाच अंशांच्या आसपास, हापूस-केसर तेराच्या आसपास. आंबा समुद्राने दूर पाठवणं अजून जोखमीचंच. तरी २०२२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने ठरवलेल्या पद्धतीने प्रक्रिया करून केसर आंबा जहाजाने अमेरिकेला गेला, म्हणजे ते अशक्य नाही. पण पहिल्या कंटेनरसाठी तो माल नव्हे. स्ट्रॉबेरी, अंजीर, पालेभाज्या यांचा समुद्रमार्गे विचारच करू नका. त्यांचं विमान ठरलेलं.

वेगवेगळी फळं एका कंटेनरमध्ये भरायचा मोहही टाळा. तापमान प्रत्येकाचं वेगळं. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि शेजारचा माल त्यांच्यासोबत पिकायला लागतो. "थोडी केळी, थोडं डाळिंब, थोडी मिरची" अशी ऑर्डर दुबईचे छोटे व्यापारी हमखास देतात. ती मान्य केली तर कुणाचंच तापमान बरोबर राहत नाही.

माझं मत विचाराल तर पहिला कंटेनर आखाती देशांत पाठवा. न्हावा शेवा ते दुबईचं जबल अली बंदर हा समुद्रप्रवास तीन ते पाच दिवसांचा, त्यामुळे चूक झाली तरी माल पूर्ण हातचा जात नाही. टेंभुर्णी, कंदर, करमाळा पट्ट्यातल्या केळी उत्पादकांनी याच वाटेने हात बसवला. तेरा किलोच्या १,५४० पेट्या, म्हणजे जवळपास वीस टन, हे केळीच्या कंटेनरचं ठरलेलं गणित. अर्थात जबल अली होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहे. तिकडे तणाव असेल तर भाडं, विमा आणि दिवस तिन्ही बदलतात, म्हणून बातम्यांवर लक्ष ठेवा.

कागद: हे घरी बसून उरकतं

पॅन, चालू खातं आणि जीएसटी नोंदणी असेल तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक, परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये फीत निघतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती अद्ययावत करावी लागते. बदल काही नसला तरी "बदल नाही" असं नोंदवावं लागतं, नाहीतर आयईसी निष्क्रिय होतो. ऐन हंगामात हे कळलेले लोक मला माहीत आहेत.

फळं-भाजीपाल्यासाठी अपेडा आणि मासळीसाठी एमपेडा या सरकारी निर्यात संस्थांची नोंदणी लागते. बँकेकडून एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक, घ्या आणि ज्या बंदरातून माल जाणार तिथे कस्टम्सकडे तो नोंदवा. जीएसटी न भरता निर्यात करायची तर दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, ऑनलाईन भरा. अन्नपदार्थ असेल तर एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेचा, परवाना. एवढं झालं की एक अनुभवी सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणारा एजंट, गाठा. शिपिंग बिल, कस्टम्सची मंजुरी, बंदरातल्या गेटचा कागद हे सगळं तोच करतो. सीएचए निवडताना एकच प्रश्न विचारा: गेल्या हंगामात नाशवंत मालाचे किती कंटेनर काढलेत? सुट्या भागांचे कंटेनर काढणारा माणूस चांगला असला तरी शनिवारी रात्री साडेअकराला त्याचा फोन लागेलच असं नाही.

फळांसोबत फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र जातं, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघाने जवळपास सगळ्या ताज्या फळांना तो सक्तीचा केला. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढीच फळं त्यातून सुटली. पेट्या रचायची लाकडी पॅलेट (फळ्यांची चौकट) वापरत असाल तर त्यांवर उष्णताप्रक्रियेचा शिक्का हवा: लाकडाचा गाभा ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवलेला. शिक्का पुसट असेल तर परदेशी बंदरावर माल उत्तम असूनही पॅलेटमुळे अडकतो.

औषधांचे अंश: इथे घाई नको

युरोपला द्राक्षं पाठवायची तर बागेची ग्रेपनेट या अपेडाच्या ऑनलाईन यंत्रणेवर नोंद लागते. प्रत्येक प्लॉटला क्रमांक मिळतो आणि पेटीवरच्या लेबलवरून माल कोणाच्या शिवारातला हे थेट कळतं. औषधांचे अंश तपासायचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन घेतो. "मी पाठवून देतो" चालत नाही. या सगळ्यावर देखरेख करणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीला, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आहे.

हे सगळं एवढं कडक का, तर २०१० मुळे. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर शेंडा थांबवून घड चांगला धरावा म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बोलीभाषेतलं सीसीसी, मारायचे. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. युरोपच्या प्रयोगशाळेत सापडलं. तिथली मर्यादा तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. कंटेनर बंदरांवर अडकले, कितीतरी माल पडेल भावात गेला किंवा नष्ट करावा लागला. एप्रिलमध्ये मारलेलं औषध पुढच्या मार्चला रॉटरडॅममध्ये सापडतं, हा धडा नाशिकला तेव्हा मिळाला.

म्हणून नवख्याने बागेतला माल विकत घेताना पहिल्यांदा फवारणीची वही बघावी, घड नंतर. वही नसेल, किंवा सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या, तर नमस्कार करून पुढच्या बागेत जावं. भाव दोन रुपये कमी असला तरी.

खरेदीदार आणि पैसे

निर्यातीत माल पोचतो आणि पैसे पोचत नाहीत, हे फार वेळा होतं. नाशवंत मालात खरेदीदाराच्या हातात एक हत्यार असतं: "माल खराब आला." तुम्ही सहा हजार किलोमीटरवर, खात्री करायला कोण जाणार?

द्राक्षात पूर्वापार विक्रीवर हिशेब करण्याची रीत आहे. माल पाठवायचा, खरेदीदार तो विकेल, कमिशन-भाडं-साठवण कापून उरलेलं देईल. जुन्या, पारखलेल्या खरेदीदाराशी हे ठीक. पहिल्या कंटेनरला मात्र ठरलेला भाव किंवा निदान किमान हमी भाव लिहून घ्या. ३० टक्के आगाऊ, बाकी बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीने माल घेतल्याच्या कागदाची) प्रत मिळाल्यावर, ही मागणी आखाती व्यापारीही मान्य करतात. जो "आपण भाऊ-भाऊ, आगाऊचं काय घेऊन बसलात" म्हणतो त्याच्याशी भाऊपणच ठेवा, धंदा नको. ईसीजीसी ही सरकारी संस्था १९५७ पासून परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवल्यास विमा देते, आणि खरेदीदाराची पत तपासायलाही तिचा उपयोग होतो. हप्ता भरताना जड वाटतो, पण पहिल्या दोन-तीन वर्षांत तो चुकवू नये.

भाव एफओबी की सीआयएफ हेही सुरुवातीलाच स्पष्ट करा. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमची, आणि जहाजाचं भाडं खरेदीदार भरतो. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा तुम्ही भरता, तरीही जोखीम जहाजावर चढल्यावर खरेदीदाराकडेच जाते. ही बारीक गोष्ट भांडणाच्या वेळी दोन्ही बाजू विसरतात. करारात मालाचा आकार, गोडी, पेटीचं वजन, तक्रार किती तासांत आणि कोणत्या पुराव्यानिशी करायची, हे लिहा. "पोचल्यापासून २४ तासांत, स्वतंत्र सर्व्हेयरच्या अहवालासह" हे एक वाक्य करारात असेल तर तुमची बाजू सांभाळली जाते.

तोडणी ते प्रीकूलिंग

द्राक्षाची तोडणी पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवायची. क्रेट सावलीत, आणि गाडी भरली की लगेच पॅकहाऊसला. बागेत क्रेट तीन तास पडून राहिले तर पुढे कितीही थंड केलं तरी देठाचा ताजेपणा परत येत नाही. पॅकहाऊसमध्ये घड साफ करून, पनेट (छोटा प्लास्टिकचा डबा) किंवा पाऊचमध्ये घालून, पेटीत भरतात. पेटीत गंधकाचा पॅड असतो. ओलसरपणा मिळाला की त्यातून सल्फर डायऑक्साईड वायू सुटतो आणि बुरशी रोखतो. पॅड जास्त चालला तर मणी देठाजवळ पांढरे पडतात. कमी चालला तर करड्या बुरशीचं पांघरूण. माल ओला असताना कधीही भरू नका. पॅड एकदम वायू सोडून मोकळा होतो आणि पुढच्या तीन आठवड्यांसाठी काहीच उरत नाही.

मग प्रीकूलिंग. हे कोल्ड स्टोरेजपेक्षा वेगळं. प्रीकूलिंग चेंबरमध्ये पंख्यांच्या ओढीने थंड हवा पेट्यांच्या छिद्रांमधून खेचली जाते, आणि सहा-आठ तासांत मणी आतून थंड होतो. नुसत्या कोल्ड रूममध्ये ठेवलं तर वरची पेटी थंड आणि मधली कोमट राहते. म्हणून पॅलेटच्या मधोमध असलेल्या पेटीतल्या मण्यात सुईचा थर्मामीटर खुपसून बघा. भिंतीवरच्या डिस्प्लेवर विसंबू नका, तो हवेचं तापमान दाखवतो. मणी दोन अंशांच्या आत आला की माल कोल्ड रूममध्ये, शून्याच्या आसपास, आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के.

पेट्यांवर पेट्या रचताना छिद्रं एका रेषेत यायला हवीत. कामगार उक्तं काम करत असले तर आडव्या-उभ्या पेट्या लावून मोकळे होतात. एक दिवस तिथे उभं राहून दाखवा.

बुकिंग: चार आकडे स्वतः वाचा

शिपिंग कंपनीच्या बुकिंगवर तुमच्या मालाचं भविष्य चार आकड्यांत असतं: तापमान, त्याचं एकक, हवा बदलायची झडप किती उघडी, आणि आर्द्रता. तापमानाच्या आधीचं उणे चिन्ह हे या धंद्यातलं सर्वांत महाग चिन्ह. गोठवलेल्या मासळीसाठी उणे १८ ऐवजी नुसतं १८ टाईप झालं तर काय होईल याची कल्पना करा. यंत्र मुकाट्याने १८ पाळतं. त्याला आत काय आहे हे माहीत नसतं. म्हणून आम्ही ईमेलमध्ये आकड्यासोबत अक्षरातही लिहितो: "उणे अठरा अंश सेल्सिअस."

झडपेचंही तसंच. ती तासाला घनमीटरमध्ये सांगायची असते. कुणी "१५" लिहितं आणि समोरचा १५ टक्के समजतो. द्राक्षाला झडप अगदी थोडी उघडी लागते, केळीला त्याहून जास्त, आणि गोठवलेल्या मालाला पूर्ण बंद.

बुकिंगवर आणखी दोन तारखा बघा: रिकामा कंटेनर कधी मिळणार आणि भरलेला कंटेनर बंदरात घ्यायची शेवटची वेळ, म्हणजे कट-ऑफ. तोडणीचा दिवस कट-ऑफवरून मागे मोजून ठरवा. परदेशातल्या बंदरावर विनाभाडं किती दिवस मिळतील हे विचारा आणि ते आधीच वाढवून घ्या. रीफरला ते कमी असतात, आणि ते संपल्यावर दिवसाचं भाडं, विजेचं भाडं दोन्ही चढतं.

कंटेनर आला की दार उघडून वास घ्या. आदल्या फेरीला मासळी गेली असेल तर कळेलच. आत शिरून दार बंद करायला सांगा. कुठून उजेड येतोय का पाहा. यंत्राच्या तपासणीचा शिक्का ताजा आहे का बघा. आवडला नाही तर परत पाठवा. ड्रायव्हर कुरकुर करेल, करू द्या.

भरणी

इथे एक गैरसमज फार पसरलाय: "कंटेनर आधी चालू करून थंड करून ठेवा." पॅकहाऊसच्या धक्क्यावर दाराला घट्ट बसणारी रबरी झालर असेल आणि माल थेट थंड खोलीतून कंटेनरमध्ये जात असेल तर ठीक. उघड्यावर भरत असाल तर उलटं होतं. थंड कंटेनरचं दार मार्चच्या हवेत उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरून भिंतींवर पाणी होतं. ते पाणी पुढे यंत्राच्या कॉईलवर बर्फ होऊन बसतं आणि हवाच अडते. भरणी चालू असताना यंत्र बंद ठेवा, काम झटपट करा, दार लावून मग चालू करा.

आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला लाल रेघ असते. माल तिच्या वर जाता कामा नये, कारण परत येणाऱ्या हवेची वाट तिथूनच आहे. दाराजवळ जमीन उघडी राहिली तर थंड हवा तिथूनच वर निसटते आणि मागच्या पॅलेटना काही मिळत नाही. ती मोकळी जागा पुठ्ठ्याने झाका. ताज्या मालात हवा पेट्यांच्या मधून वर जायला हवी, कारण फळ कंटेनरमध्येही श्वास घेतं आणि उष्णता सोडतं.

डेटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदणारी छोटी यंत्रं, दोन लावा: एक यंत्राजवळच्या पॅलेटमध्ये, एक दाराजवळच्या. काही शे रुपयांची वस्तू, पण पुढे भांडण झालं तर तोच तुमचा साक्षीदार. भरणी चालू असताना दर चार पॅलेटमागे मण्याचं तापमान मोजून कागदावर लिहा, थर्मामीटरसह फोटो काढा. शेवटी सीलचा आकडा दिसेल असा दाराचा फोटो. भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन जहाज कंपनीला कळवणं १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे. ते कळवलं नाही तर कंटेनर चढत नाही.

घाट आणि गेट

कसारा घाटातून न्हावा शेवाकडे जाताना ट्रेलरवर जनसेट, म्हणजे रीफरला वीज देणारा जनरेटर, चालू हवा. डिझेल वाचवण्यासाठी तो बंद करून ढाब्यावर झोपणारे ड्रायव्हर असतात. लॉगरच्या आलेखात तो ढाबा स्पष्ट दिसतो, पण तोवर फार उशीर झालेला असतो. निघताना डिझेलची टाकी बघा, वाटेत दोनदा फोन करून डिस्प्लेचा फोटो मागा. बंदरात गेल्यावर कंटेनर विजेच्या प्लगला लागला की नाही, याची खात्री सीएचएकडून करून घ्या.

गोठवलेल्या मालाची तऱ्हा वेगळी

रत्नागिरीची माकूळ, राणी माशाची सुरिमी (माशाचा लगदा), गोव्याची मासळी, किंवा आपल्या पुरणपोळ्या: गोठवलेला माल श्वास घेत नाही. त्यामुळे भरणीचे नियम उलटे होतात. पेट्या एकमेकींना आणि भिंतीला चिकटवून, मध्ये फट न ठेवता रचायच्या. थंड हवेने मालाच्या गठ्ठ्याभोवतून फिरायचं, आतून नाही. झडप बंद. वजनही जास्त बसतं, पंचवीस टनांच्या घरात. माल भरताना त्याचा गाभा उणे १८ किंवा खाली हवाच. जगात काही कंपन्या वीज वाचवण्यासाठी उणे १५ चा आग्रह धरू लागल्या आहेत, पण तुमच्या करारात उणे १८ असेल तर उणे १८ च.

मासळीत बर्फाच्या पातळ आवरणाचं वजन हे नेहमीचं भांडण. करारात निव्वळ वजन, म्हणजे बर्फ काढल्यावरचं, असं लिहा. युरोपला मासळी पाठवायची तर कारखाना तिथल्या मान्य यादीत हवा, आणि समुद्रातून पकडलेल्या मासळीला २०१० पासून पकड प्रमाणपत्र लागतं. समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेचं दार २०१९ पासून, जाळ्यात कासवं अडकू नयेत म्हणून केलेल्या नियमामुळे, बंद झालं. तिकडे जाते ती तळ्यातली.

घरगुती पदार्थांबद्दल थोडं. अमेरिका-इंग्लंडमधल्या मराठी घरांत गणपतीला गोठवलेले उकडीचे मोदक आणि होळीला पुरणपोळी बऱ्यापैकी खपते. पण अमेरिकेला जायचं तर कारखान्याची एफडीएकडे, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाकडे, नोंदणी आणि दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तिचं नूतनीकरण लागतं. जहाज पोचायच्या किमान आठ तास आधी पूर्वसूचनाही द्यावी लागते. तिथला आयातदार तुमच्या कारखान्याची पडताळणी करायला कायद्याने बांधील आहे, म्हणून तो कागद मागत राहील, चिडू नका. लेबलवर अॅलर्जीचे घटक लिहावे लागतात, आणि १ जानेवारी २०२३ पासून त्यांत तिळाचीही भर पडली आहे. तिळाची पोळी करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. दूध-तूप असलेले पदार्थ युरोपला नेता येतील असं गृहीत धरू नका. आधी तिथल्या आयातदाराकडून लेखी उत्तर घ्या. गणपतीचा माल अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुकानात वेळेत हवा असेल तर कंटेनर जूनमध्ये निघायला हवा. जुलैअखेरीस निघालेले मोदक पितृपक्षात पोचतात.

विमा: काय मिळत नाही ते आधी वाचा

"सगळ्या जोखमींचा" विमा घेतला म्हणून झोप लागते, पण त्यात उशीर बसत नाही. जहाज पंधरा दिवस उशिरा पोचलं आणि द्राक्षं त्यामुळेच गेली, तर भरपाई नाही. मालाच्या अंगभूत दोषाचीही नाही. गोठवलेल्या मालाच्या नेहमीच्या कलमांत यंत्र बिघडल्याची भरपाई असते, पण ते सलग किमान २४ तास बंद पडलं असेल तरच. वीस तास बंद, मग चालू, परत बंद, असं झालं तर वाद. दलालाला ही कलमं समोर बसवून वाचायला लावा.

पोचल्यावर

कागद जहाजाच्या आधी पोचायला हवेत. दुबईसारख्या जवळच्या बंदराला कुरिअरपेक्षा जहाज पुढे असतं, म्हणून पैसे आले की मूळ बिल ऑफ लेडिंगऐवजी टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ कागदाशिवाय माल सोडायची सूचना, देतात. पैसे आल्यावर, आधी नाही.

खरेदीदाराला आधीच सांगून ठेवा: दार उघडण्यापूर्वी सीलचा फोटो, यंत्राच्या डिस्प्लेचा फोटो, उघडल्यावर पहिल्या रांगेचा फोटो, मग मालाचं तापमान. नुकसान दिसलं तर माल हलवण्याआधी स्वतंत्र सर्व्हेयर बोलवायचा आणि जहाज कंपनीला लेखी कळवायचं. वरून न दिसणाऱ्या नुकसानीसाठी ही मुदत माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांची, आणि दावा लावायला एक वर्ष. कंटेनरच्या यंत्राची स्वतःची नोंदही असते. ती जहाज कंपनीकडूनच मागावी लागते, आणि मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

तुमचे दोन लॉगर मात्र खरेदीदाराच्या गोदामातून परत मागवून घ्या, किंवा निदान त्यांची फाईल ईमेलवर. माल चांगला पोचला असेल तेव्हाही. दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघा. दाराजवळचा लॉगर सतत एक अंश वर दिसत असेल तर दाराजवळची जमीन झाकलेली नव्हती. पहिल्या दोन दिवसांत रेघ हळूहळू खाली उतरत असेल तर प्रीकूलिंग अर्धवट सुटलं होतं. पुढच्या कंटेनरच्या भरणीला जाताना तो कागद सोबत न्या आणि पॅकहाऊसच्या मुकादमाला दाखवा.